सेझ, मिहान, ड्रायपोर्ट : अर्ज भरण्याआधी पवनारकरांनी करायचा हिशेब

पवनारहून नागपूरच्या गाडीत बसले की सेलू, केळझर, बुटीबोरी आणि मग मिहान अशी नावे एकामागून एक येत जातात. अंतर जेमतेम सत्तर किलोमीटरचे. बुटीबोरीला एमआयडीसी आहे, खापरीजवळ मिहानचा सेझ आहे, सेलू तालुक्यातल्या सिंदी (रेल्वे) येथे ड्रायपोर्टची जागा आहे आणि समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून गेला आहे. एवढे सगळे दाराशी आल्यावर गावातल्या बोलण्यात हे शब्द एकाच पोत्यात भरले जातात यात नवल नाही. ‘सेझमध्ये गाळा घेतला की कर माफ ना?’, ‘ड्रायपोर्ट झाला की आपली हळद थेट दुबईला जाणार का?’, ‘पोराला मिहानमध्ये लावलं तर पीएफ मिळतो का?’, ‘आपलं वावर तर जाणार नाही ना?’ असे प्रश्न वारंवार विचारले जातात.

याच गावात, धाम नदीच्या काठी, विनोबांनी परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाविना जगण्याचा प्रयोग केला होता. शुल्कमुक्ती त्यापुढे सोपी वाटते. पण तिलाही नेम आहेत आणि ते मोडले तर दंड आहे.

म्हणून अर्ज, गाळा, भाडे या गोष्टींकडे वळण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा : आपले शुल्क नेमके कशावर वाचणार आहे? उत्तर कागदावर रुपयांत लिहिता आले, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. नाही लिहिता आले, तर तुमची वाट बहुधा सेझच्या फाटकातून जात नाही, आणि त्यात काही बिघडत नाही.

नावे वेगळी, कामेही वेगळी

- सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) : २००५ चा कायदा, १० फेब्रुवारी २००६ पासून लागू. जमीन भारताचीच, पण सीमाशुल्काच्या हिशेबात ती ‘देशाबाहेर’ धरली जाते. आत येणाऱ्या परदेशी मालावर शुल्क लागत नाही. आतून देशात माल आणला की लागते. या कल्पनेचे भारतातले पहिले रूप म्हणजे १९६५ चे कांडला, आणि महाराष्ट्रातले १९७३ चे मुंबईतील सीप्झ. विदर्भात मिहान.
- मुक्त व्यापार गोदाम क्षेत्र : हाही सेझचाच प्रकार, पण इथे कारखाना नसतो. परदेशी माल ठेवायचा, निवडायचा, पुन्हा बांधायचा, लेबल लावायचे आणि गरजेप्रमाणे बाहेर काढायचा. शुल्क बाहेर काढताना. पनवेलजवळच्या साई गावातले अर्शिया कंपनीचे केंद्र हे देशातले सुरुवातीचे उदाहरण.
- ड्रायपोर्ट किंवा आयसीडी : समुद्र नसलेल्या ठिकाणचे बंदर. कंटेनर भरणे, कस्टम्सची तपासणी आणि रेल्वेने न्हावाशेव्याला रवानगी. सिंदीची कल्पना या जातीची. २०१७ मध्ये तिचे भूमिपूजन झाले. इथे कागद आणि वाहतुकीची सोय मिळते, करमाफी मिळत नाही.
- एमआयडीसी : जमीन, रस्ता, पाणी, वीज असलेली औद्योगिक वसाहत. देवळी, हिंगणघाट, बुटीबोरी. सीमाशुल्काच्या बाबतीत ती बाकीच्या देशासारखीच.

ड्रायपोर्टच्या भरवशावर कोणी परदेशी गिऱ्हाइकाला तारीख देण्याआधी, त्या ठिकाणी कस्टम्सची कोणती सेवा आज प्रत्यक्ष चालू आहे हे लेखी विचारून घ्यावे. भूमिपूजनाच्या फलकावर कंटेनर चढत नाही.

पहिली पायरी : शुल्काचा हिशेब मांडा

समजा, वर्ध्याच्या एका वर्कशॉपला वर्षाला ४० लाख रुपयांचे सुटे भाग परदेशातून आणावे लागतात. मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के धरू.

- मूळ शुल्क : ३ लाख रुपये.
- त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार : ३० हजार.
- एकूण ४३.३० लाखांवर १८ टक्के आयजीएसटी : ७ लाख ७९ हजार ४०० रुपये.

पाहताक्षणी वाटते, अकरा लाख वाचले. तसे नाही. आयजीएसटी हा नोंदणीकृत व्यापाऱ्याला क्रेडिट म्हणून किंवा निर्यातीनंतर परतावा म्हणून मिळतोच. तिथे फक्त पैसा काही महिने अडकतो. खरी बचत ३ लाख ३० हजारांची. आता दुसऱ्या बाजूला लिहा : सेझमधल्या गाळ्याचे भाडे, सेवाशुल्क, कामगारांची रोजची ने-आण, कस्टम्सचे काम सांभाळणारा माणूस, हिशेबनिसाची वाढीव फी. दुसरी बाजू जड झाली, तर उत्तर मिळाले.

हळद, सरकी, संत्रा, तूर यांचे काय? हा माल वावरातून येतो. त्यावर आयात शुल्क मुळातच नाही, मग वाचणार कशावर? आयात यंत्र घ्यायचे असेल तेवढ्यापुरता प्रश्न उरतो, आणि त्याला सोपी योजना आहे. ती पुढे येते.

आणखी एक जुना समज इथेच सोडा. सेझमधल्या नफ्यावर आयकर माफ होता तो कलम १० एए खाली. ती सवलत ३१ मार्च २०२० या मुदतीपर्यंतच्या युनिटांसाठी होती; करोनाकाळात ती थोडी लांबली आणि संपली. आज नवे युनिट टाकणाऱ्याला ‘पाच वर्षे इन्कम टॅक्स नाही’ असे कोणी सांगत असेल, तर तो जुने माहितीपत्रक वाचतो आहे.

दुसरी पायरी : गिऱ्हाईक कुठे आहे ते पाहा

सेझमधून नागपूरच्या दुकानात माल विकता येतो का? येतो. पण तो माल परदेशातून आला असे समजून त्यावर सीमाशुल्क भरावे लागते. ज्याची निम्मी विक्री देशात आहे त्याला ही अट जड जाते.

शिवाय पाच वर्षांच्या हिशेबात निव्वळ परकीय चलन धन राहिले पाहिजे. म्हणजे बाहेरून मिळवलेले चलन बाहेर खर्च केलेल्या चलनापेक्षा जास्त हवे. ते उणे झाले तर विदेश व्यापार कायद्याखाली दंड होऊ शकतो. गिऱ्हाइकाचा पक्का करार हातात नसताना, ‘आधी गाळा घेऊ, मग ऑर्डर शोधू’ हा क्रम सेझमध्ये महाग पडतो.

गाव न सोडता शुल्क वाचवण्याच्या चार वाटा

अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने परदेशी व्यापार क्षेत्रे सुरू झाली. बंदराजवळच्या कुंपणात जाणे ज्यांना परवडत नव्हते, अशा कारखान्यांसाठी तिथे ‘उपक्षेत्र’ ही सोय आली. कारखान्याने झोनकडे जाण्याऐवजी झोनच कारखान्याकडे गेला. आपल्याकडे नाव वेगळे आहे, पण त्या धर्तीच्या सोयी आहेत.

१. बाँडेड गोदामात उत्पादन. सीमाशुल्क कायद्याचे कलम ६५ आणि २०१९ चे नियम. तुमची स्वतःची शेड कस्टम्सकडे परवानाप्राप्त गोदाम म्हणून नोंदवायची. आयात कच्चा माल आणि यंत्र, दोन्हींचे शुल्क पुढे ढकलले जाते. माल निर्यात केला तर त्यातल्या कच्च्या मालाचे शुल्क माफ. देशात विकला तर त्या वेळी भरायचे. निर्यातीची सक्ती नाही. मात्र शुल्काच्या तिप्पट रकमेचा बाँड द्यावा लागतो आणि प्रत्येक नगाचा हिशेब ठेवावा लागतो. वही ढिली असेल तर या वाटेला जाऊ नका.

२. अ‍ॅडव्हान्स ऑथोरायझेशन. निर्यातीच्या ऑर्डरसाठी लागणारा कच्चा माल शुल्काविना आणता येतो. किमान १५ टक्के मूल्यवर्धन करायचे. निर्यात साधारण १८ महिन्यांत पूर्ण करायची. एखाद-दुसरी ऑर्डर असणाऱ्या लहान कारखानदाराला ही सर्वांत सुटसुटीत.

३. ईपीसीजी. आयात यंत्रासाठी. हळद पॉलिश करण्याचे, रंगानुसार निवडण्याचे किंवा वाफेने निर्जंतुक करण्याचे यंत्र बाहेरून आणायचे असेल, तर त्यावरचे शुल्क वाचते. बदल्यात वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करावी लागते. नाही झाली तर शुल्क व्याजासह परत.

४. ईओयू, म्हणजे निर्यातप्रधान युनिट. जागा तुमची, नियम बरेचसे सेझसारखे. यंत्रसामग्रीत सामान्यतः किमान एक कोटी रुपयांची गुंतवणूक अपेक्षित असते. शेती, हस्तकला अशा काही क्षेत्रांना यातून सूट आहे.

वरच्या वर्कशॉपचे उदाहरण पुन्हा घ्या. ३ लाख ३० हजार वाचवण्यासाठी त्याने खापरीला जायचे की वर्ध्यातच बसून अ‍ॅडव्हान्स ऑथोरायझेशन घ्यायचे? सगळा माल निर्यातीचा असेल तर दुसऱ्या वाटेने तेवढेच वाचते, आणि कारागीर संध्याकाळी घरी येतात.

सेझमध्ये जायचेच ठरले तर

काही उद्योगांना सेझ खरेच लागतो. मिहानमध्ये विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचे केंद्र आहे. बोइंगने उभारलेले, एअर इंडियाने २०१५ मध्ये सुरू केलेले. ‘ताल’ या टाटा समूहातल्या कंपनीने तिथे बोइंग ७८७ विमानाच्या फ्लोअर बीम बनवल्या. अशा कामात जवळजवळ सगळा महागडा माल परदेशातून येतो आणि परत जातो. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांसारख्या कंपन्यांचा माल तर तारेवरून जातो आणि गिऱ्हाईक परदेशात असते. या गटात बसत असाल तर क्रम असा :

१. प्रकल्प अहवालासह फॉर्म एफ मध्ये विकास आयुक्तांकडे अर्ज. काय आणणार, काय पाठवणार, पाच वर्षांत किती चलन, हे त्यात येते.
२. मान्यता समितीचा निर्णय. नियमांत यासाठी १५ दिवसांची मुदत आहे.
३. मान्यतापत्र मिळाल्यावर त्याच्या अटी लेखी स्वीकारणे. उत्पादन साधारण वर्षभरात सुरू व्हावे अशी अपेक्षा. उशीर होणार असेल तर मुदत संपण्याआधी वाढ मागा.
४. जागेचा नोंदणीकृत भाडेपट्टा. मिहानची विकासक महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी आहे. पट्ट्याच्या अटी तिच्याशी ठरतात.
५. फॉर्म एच मधले बंधपत्र. हे झाल्याशिवाय शुल्कमुक्त माल आत आणू नका.
६. उत्पादन सुरू झाल्याची कळवणी. तिथून पाच वर्षांचा हिशेब चालू होतो.
७. दरवर्षी सनदी लेखापालाने तपासलेला कामगिरी अहवाल.

इथे लोक फसतात :

- बाहेर पडण्याचा खर्च कोणी धरत नाही. सेझ सोडताना यंत्रावर घसारा वजा जाता उरलेल्या किमतीवर शुल्क भरावे लागते.
- मान्यतापत्रात नसलेला माल बनवला, तर त्याला सवलत नाही. नवे उत्पादन आधी जोडून घ्या.
- दुरुस्तीला बाहेर नेलेले यंत्र, जॉबवर्कला दिलेला माल यांची परवानगी आणि परतीची मुदत विसरली जाते.
- जागा घेऊन ठेवली, पण बांधकाम नाही. मिहानमध्येही अनेक भूखंड वर्षानुवर्षे रिकामे राहिले. पट्ट्यातली बांधकामाची मुदत वाचल्याशिवाय सही करू नका.

सेझला माल पुरवणे : हाती असलेला धंदा

पवनार-सेलू पट्ट्यातल्या लहान उद्योगाला सेझचा सर्वांत जवळचा फायदा इथे आहे. आत गाळा न घेता आतल्या कंपनीला पुठ्ठ्याचे खोके, लाकडी पॅलेट, कामगारांचे गणवेश, फॅब्रिकेशन पुरवता येते. मान्यताप्राप्त कामासाठी सेझला दिलेला माल जीएसटी कायद्यात निर्यातीसारखाच शून्य दराचा पुरवठा असतो. परंतु नियम नीट पाहा :

- महाराष्ट्रातून महाराष्ट्रातल्याच सेझला माल दिला, तरी कायदा तो आंतरराज्य पुरवठा मानतो. बिल आयजीएसटीचे.
- म्हणूनच कंपोझिशन योजनेतला व्यापारी सेझला माल पुरवू शकत नाही. ऑर्डर घेण्याआधी नियमित योजनेत या.
- उलाढाल ४० लाखांच्या आत असल्याने नोंदणी नाही, असे म्हणून चालत नाही. माल आंतरराज्य पुरवायचा तर नोंदणी सर्वसाधारणपणे लागतेच.
- कर न लावता बिल करायचे असेल तर एलयूटी, म्हणजे हमीपत्र, जीएसटी पोर्टलवर आरएफडी-११ मध्ये भरा. ते एका आर्थिक वर्षापुरते असते.
- माल आत पोचल्यावर बिलावर सेझच्या अधिकाऱ्याचा शेरा मिळाला पाहिजे. तो नसेल तर परतावा अडतो. ‘पावती नंतर पाठवतो’ यावर विसंबून राहू नका. ऑर्डरमध्येच शेऱ्याची जबाबदारी आणि मुदत लिहून घ्या.
- परताव्याचा अर्ज दोन वर्षांच्या आत.

पैसे थकले तर? उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघुउद्योगाला २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याचे संरक्षण आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. अडवले तर चक्रवाढ व्याज मागता येते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. खरेदीदार सेझमध्ये आहे म्हणून हा हक्क जात नाही.

हळद, संत्रा, कापूस : शेतकरी कंपन्यांसाठी सरळ रस्ता

समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, नागपुरी संत्र्यालाही आहे. ही नावे परदेशी खरेदीदारापुढे ठेवण्याजोगी आहेत. त्यासाठी सेझची गरज नाही. खालची तयारी हवी.

१. आयईसी. पॅनवर आधारित आयात-निर्यात क्रमांक, डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर, फी ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती अद्ययावत करावी लागते, काही बदल नसला तरी. विसरलात तर क्रमांक निष्क्रिय होतो, आणि हे सहसा कंटेनर भरल्यावर कळते.
२. एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेचा क्रमांक. बँकेकडून घेऊन कस्टम्सच्या पोर्टलवर नोंदवायचा.
३. मंडळाची नोंदणी. हळदीसाठी मसाले मंडळ, संत्रा व इतर फळांसाठी अपेडा. जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळही सुरू झाले आहे.
४. अन्नसुरक्षा परवाना निर्यातीसाठी केंद्रीय स्वरूपाचा लागतो.
५. तपासणी. कीटकनाशकांचे अंश, शिसे, बुरशीजन्य विष यांवर माल परत येतो. बियाण्यापासून फवारणीची वही ठेवा. ढीग मिसळले की दोष कोणाच्या वावरातला ते शोधता येत नाही आणि फटका सगळ्यांना बसतो.
६. भौगोलिक मानांकन वापरायचे तर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद. मानांकन गावाला मिळाले म्हणून प्रत्येकाला लेबल लावता येत नाही.
७. वाहतूक. कंटेनर भरेल एवढा माल नसेल तर अर्धवट कंटेनरची सोय करणारा एजंट शोधा. दहा-वीस किलोचे नमुने आणि लहान पार्सले यांसाठी टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे आहेत.

निर्यातीनंतर ड्रॉबॅक आणि आरओडीटीईपी या शुल्क-कर परताव्याच्या योजनांच्या रकमा मागता येतात. शिपिंग बिलात तसे नमूद केले नाही तर नंतर पायपीट होते.

वर्ध्यातच एक जुनी मदत आहे. १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीत सुरू झाले. त्याच परिसरात आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. ग्रामोद्योगी मालाची तपासणी, प्रक्रिया आणि वेष्टन याबाबत तिथे विचारता येते. परदेशी खरेदीदार शोधण्याआधी एक चक्कर तिथे मारा.

नोकरीला जाणाऱ्यांचे हक्क

‘सेझमध्ये कामगार कायदे नाहीत’ हे धादांत चुकीचे आहे. सेझ कायद्याच्या कलम ४९ मध्येच स्पष्ट लिहिले आहे की कामगार संघटना, औद्योगिक विवाद, कामगार कल्याण, भविष्यनिर्वाह निधी, नुकसानभरपाई, मातृत्वलाभ यांबाबतचे कायदे केंद्राला सेझसाठी सैल करता येणार नाहीत.

- नेमणूकपत्र लेखी घ्या. त्यावर नाव कंपनीचे आहे की कंत्राटदाराचे ते वाचा.
- पहिल्या पगारानंतर यूएएन (पीएफचा कायम क्रमांक) सुरू करून पासबुक मोबाइलवर पाहा. कपात झाली आणि खात्यात दिसली नाही, तर लगेच लेखी विचारा.
- पगार दरमहा २१ हजारांपर्यंत असेल आणि आस्थापनेला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर त्याचे कार्ड मागा.
- भरतीसाठी कोणी ‘फॉर्मचे पैसे’ मागत असेल तर देऊ नका.

प्रशिक्षण कोणते घ्यावे, यासाठी आधी आतल्या कंपन्यांच्या जाहिराती सहा महिने जमवा, मग कोर्सची फी भरा. आयर्लंडच्या शॅनन विमानतळाजवळ १९५९ मध्ये मुक्त क्षेत्र झाले. पुढे १९७२ मध्ये शेजारच्या लिमरिकमध्ये उच्च शिक्षणसंस्था निघाली, तिचे आज विद्यापीठ झाले आहे. मिहान परिसरातही आयआयएम आणि एम्स आले. पण विमानाचे पत्रे जोडणारा, सीएनसी चालवणारा, गोदामाचा साठा संगणकावर ठेवणारा हात आयटीआयमधून येतो, आणि वर्धा जिल्ह्यातल्या आयटीआयने तो तयार करावा ही मागणी ग्रामसभेतून लेखी करता येते.

जमिनीचा विषय निघाला तर

सेझचा कायदा स्वतः जमीन घेत नाही. जमीन खरेदीने, एमआयडीसीच्या १९६१ च्या कायद्याने किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्याने घेतली जाते. म्हणून नोटीस आली की पहिला प्रश्न : कोणता कायदा, कोणते कलम?

- एमआयडीसीची ३२ (२) ची नोटीस म्हणजे ‘जमीन का घेऊ नये’ याचे कारण मांडण्याची संधी. मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. तोंडी बोलण्याला किंमत नाही.
- २०१३ च्या कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांत हरकत घेता येते. खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती, आणि मोबदल्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, ही मूळ तरतूद. राज्याने केलेले बदल तुमच्या प्रकरणाला लागू होतात का, ते वकिलाला विचारा.
- मोबदला कमी वाटत असेल तर रक्कम ‘हरकत राखून’ असे लिहून स्वीकारा. तसे न लिहिता घेतली तर वाढीव मोबदल्याचा अर्ज अडचणीत येतो. खरेदीखताने विकलीत तर ती वाट राहतच नाही.
- संयुक्त मोजणीच्या दिवशी हजर राहा. विहीर, पाइपलाइन, संत्र्याची झाडे, गोठा यांची नोंद पंचनाम्यात झाली का ते पाहून मगच सही करा.
- सातबाऱ्यावर मयतांची नावे असतील तर वारसनोंद आजच करा. नोटीस आल्यावर भाऊबंदकी उकरली जाते आणि रक्कम कोर्टात जाऊन पडते.
- भूदानाची जमीन भोगवटादार वर्ग २ मध्ये मोडते. विनोबांच्या जिल्ह्यात अशा जमिनी आहेत. परवानगीशिवाय तिचा विसार घेऊ नका, देऊही नका.

गावाचे म्हणणे चालते का? रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत महामुंबई सेझसाठी २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत नोंदवले गेले, आणि पुढे ते भूसंपादन बारगळले. दुसरीकडे मिहानसाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या जमिनी गेल्या आणि पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षे चालले. पेणमध्ये शेतकऱ्यांकडे धरणाच्या पाण्याचा कागद होता. तुमच्या गावात सिंचनाची नोंद, पिकांची नोंद, विहिरींची नोंद अद्ययावत आहे का, हे आज पाहण्याचे काम आहे.

ग्रामसभेत मांडायचे प्रश्न

प्रकल्पाचे प्रतिनिधी आले की टाळ्या वाजवण्यापूर्वी उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या :

- जागेचा करार कोणाशी, किती वर्षांचा? बांधकाम न झाल्यास जमीन कोणाकडे जाईल?
- पाणी कुठून घेणार? धाम नदीतून असेल तर उन्हाळ्यात किती?
- मालमत्ता कर कोण गोळा करणार आणि ग्रामपंचायतीला किती?
- पहिल्या दोन वर्षांत कोणत्या पदांवर, कोणत्या पात्रतेची किती माणसे?
- कॅन्टीन, वाहतूक, वेष्टन, बागकाम यांतले कोणते काम गावातल्या बचतगटांना आणि लघुउद्योगांना, आणि निविदेची माहिती कुठे लागणार?
- सांडपाणी कुठे सोडणार, परवानगी कोणाची?

कुठे विचारायचे

- उद्यम नोंदणी, राज्याचे प्रोत्साहन : वर्ध्याचे जिल्हा उद्योग केंद्र.
- आयईसी, अ‍ॅडव्हान्स ऑथोरायझेशन, ईपीसीजी : डीजीएफटीचे नागपूर कार्यालय.
- बाँडेड गोदाम : नागपूरचे सीमाशुल्क आयुक्तालय.
- सेझ युनिट : मिहान सेझच्या विकास आयुक्तांचे कार्यालय. जागेसाठी : महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी.
- जमिनीची नोंद : तलाठी, भूमिअभिलेख कार्यालय आणि महाभूमीचे पोर्टल.

जाताना एक कागद सोबत न्या. त्यावर तीन रकाने आखा : परदेशातून काय आणतो, परदेशात काय पाठवतो, देशात काय विकतो. प्रत्येकापुढे वर्षाचा आकडा लिहा. अधिकाऱ्याने पहिल्या पाच मिनिटांत विचारायचे ते सगळे त्यात येते, आणि एजंटाला विचारायची वेळही बहुधा येत नाही.

सेझला माल देणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : एलयूटीची मुदत ३१ मार्चला संपते. नव्या वर्षाचे हमीपत्र १ एप्रिलनंतरचे पहिले बिल फाडण्याआधी भरा.